मागचा आला का?

"पाय वर करा, अमृतभाऊ."

मी पाय वर केला. वेशीपाशी सगळं गाव जमलेलं, माझ्या हातात कर्णा, गळ्यात नवं उपरणं, आणि हनुमंतभाऊ माझ्या पायाशी उकिडवे बसून माझी चप्पल ओढून बघत होते. मोर्चाचा पुढारी मी होतो, पण त्या क्षणी कोणाला ते पटलं असतं असं वाटत नाही.

"ही चालायची न्हाई. हिला मागनं पट्टा न्हाई."

"अहो, मला काय शर्यत पळायचीय?"

"पळायचं कुनालाच नसतंय. पळायला लागतंय."

त्यांनी पिशवीतून सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी काढली आणि माझी चप्पल टाचेमागून घोट्याला घट्ट बांधली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो, कारण चिडलो असतो तर आणखी हसल्या असत्या.

राजुरीतून आळेफाट्याला रास्ता रोकोला निघालो होतो आम्ही. दोन हजार एक साल. उसात बिबटे झाले होते आणि वीज मात्र रात्रीच यायची. पाणी भरायला माणसानं रात्री उसात शिरायचं आणि सकाळी घरच्यांनी त्याला शोधायला जायचं, अशी पाळी आली होती. आमच्या गावचा भिमाजी असाच गेला. त्याची बायको साळुबाई त्यानंतर बोलेनाशीच झाली होती, पण मोर्चाला न सांगता आली आणि गुपचूप रांगेत उभी राहिली. दिवसा वीज द्या आणि पिंजरे लावा, एवढंच आमचं मागणं.

भाषण माझं, घोषणा माझ्या, पण तयारी सगळी हनुमंतभाऊंची. हा माणूस जन्मभर बांधकाम खात्याचा रोडरोलर चालवून रिटायर झाला होता. जुन्नर-आंबेगावातला एकही डांबरी रस्ता असा नसेल, ज्यावरून ते मुंगीच्या पावलानं पुढेमागे गेले नसतील. घाई हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. बोलणंही तसंच, एकेक शब्द दाबून बसवल्यासारखं. बौद्धवस्तीत घर, मंचरला नर्स असलेली एक मुलगी, यशोधरा, आणि मोर्चा कोणाचाही असो, त्यात शेवटी चालायचं, एवढाच त्यांचा संसार म्हणा ना.

त्यांचे नियम सगळ्या गावाला पाठ होते. भाकरी बांधून घ्या, उपाशी माणूस लवकर चिडतो. पाण्याची बाटली आणि ओला करायला पंचा जवळ ठेवा. खिशात नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी पाहिजे. मंगळसूत्र घरी ठेवा, नाहीतर पोलक्याच्या आत घाला. प्रत्येकाला एक जोडीदार, आणि जोडीदार सोडून घरी यायचं नाही. गडबड झाली तर मागे पळू नका, कडेला व्हा. आणि काही पडलं, अगदी सोनं पडलं, तरी वाकू नका.

शेवटचा नियम हाकेचा. चालताना थोड्या थोड्या वेळानं मी पुढून ओरडायचं, "मागचा आला का?" ती हाक माणसामाणसानं मागे पोचवायची. सगळ्यात मागून हनुमंतभाऊ म्हणणार, "आला!" ते उत्तर तसंच पुढे यायचं. उत्तर आलं नाही, तर रांग जागच्या जागी थांबवायची. कोणीही एक पाऊल पुढे टाकायचं नाही.

हे नियम कुठून आले, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. रोलर बंद पडला होता आणि मेकॅनिकची वाट बघत आम्ही चहा पीत बसलो होतो. नामांतराच्या दिवसांत ते आणि त्यांचा धाकटा भाऊ राजरत्न एका मोठ्या शहरातल्या मोर्चाला गेले होते. हे पुढे होते, भाऊ मागे. कशानं तरी पळापळ झाली. यांनी वळून पाहिलं तर राजरत्नची चप्पल निसटली होती आणि ती घ्यायला तो वाकला होता.

"वाकलेला दिसला, भाऊ. उठल्याला न्हाई दिसला."

गर्दी ओसरली तेव्हा रस्त्यावर ती एक चप्पल होती, आणि राजरत्न नव्हता. दवाखाने पाहिले, चौक्या पाहिल्या, नको त्या जागाही पाहिल्या. ना माणूस मिळाला, ना माती. हनुमंतभाऊंनी मग टूलबॉक्स उघडून मला ती चप्पल दाखवली. पान्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेली, डाव्या पायाची. मी उगाच न आलेल्या मेकॅनिकला शिव्या दिल्या.

तर आळेफाटा. चौकात ठाण मांडलं, दोन्हीकडे गाड्यांच्या रांगा लागल्या, माझं भाषण रंगात आलं, आणि तेवढ्यात एका ट्रकवाल्याचं डोकं फिरलं. त्यानं गाडी थेट माणसांत घातली. एकच आरडाओरडा झाला. मी कर्णा टाकून पळालो, हे इथे कबूल करून टाकतो. पण आमच्या गावचं एकही माणूस पडलं नाही. टोप्या पडल्या, पिशव्या पडल्या, माझं उपरणं गेलं, कोणी वाकलं नाही. सगळे कडेला झाले आणि ट्रक आम्ही रस्त्यात आडव्या लावलेल्या पिंपाला धडकून थांबला. त्या दिवशी पायातली ट्यूबची पट्टी बघून मला हनुमंतभाऊंच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पडलो नाही. पुढारी ना मी.

निवेदन देऊन निघेपर्यंत दिवस कलला. अडकलेल्या गाड्या आता रस्त्यावर सुसाट सुटल्या होत्या, म्हणून परतताना आम्ही कॅनॉलच्या कडेची वाट धरली. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला पुरुषभर उंच ऊस. दोन-चार बायका कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून पुढे गेल्या होत्या. साळुबाईची जोडीदारीण लंकाबाई त्यांत होती. साळुबाईही चढली असणार, असं तिला वाटलं. बोलणाऱ्या बाईचं नसणं लगेच कळतं. साळुबाई तर असूनही नसल्यासारखीच.

सूर्य बुडाला आणि बोलणी बंद झाली. वारा नव्हता, तरी आत कुठेतरी उसाची पानं वाजायची आणि थांबायची. पुढे जाणाऱ्याचा सदरा पकडून चालणारे वीर मी त्या दिवशी पाहिले. मी ओरडलो, "मागचा आला का?"

हाक मागे गेली. उत्तर पुढे आलं. "आला!"

मी समाधानानं चालत राहिलो. पुलाच्या अलीकडे पुन्हा ओरडलो. हाक मागे गेली आणि उत्तर आलं नाही.

पुन्हा ओरडलो. काही नाही.

रांग थांबली. सयाजी पाटील माझ्या कानाशी म्हणाला, "चला राव, म्हातारं लघवीला बसलं आसंल. हितं हुबं ऱ्हायची ही जागा हाय का?"

"नियम काय आहे?" मी म्हणालो.

"नियमाला वाघ वळखतो का?"

त्याचं चुकत नव्हतं. माझे पायही गावाकडेच ओढ घेत होते. पण थांबलो नसतो, तर त्या ट्यूबच्या पट्टीची मला जन्मभर लाज वाटली असती. सगळ्यांना एकमेकांना चिकटून उभं राहायला सांगितलं आणि बॅटरी घेऊन मी रांगेच्या टोकाला गेलो. टोकाला दूध डेअरीतला रुपेश उभा होता, हनुमंतभाऊंचा शेजारी, त्यांना तात्या म्हणणारा धिप्पाड गडी. त्याचे दात वाजत होते.

"तात्या मागं गेलं," तो म्हणाला.

"तू जाऊ दिलंस?"

"भाऊ, मघाची हाक आली ना, ती म्या तात्यांला दिली. मागनं 'आला' आलं. म्या पुढं धाडलं. मग वळून बघतो, तर तात्या पाठ करून हुबं. म्हनलं, काय झालं? तर म्हनलं, 'रुपेश, आला म्या म्हनलो न्हाई.'"

मी बॅटरी मागच्या वाटेवर मारली.

"मग म्हनलं, 'माझ्या मागं कोनतरी ऱ्हायलंय. घिऊन येतो.' आन गेलं."

"आवाज कसा होता?"

"जवान गड्याचा, भाऊ. आपल्यातला न्हाई कुनाचा."

तिथे किती वेळ उभे होतो, सांगता येत नाही. हाक मारायला तोंड उघडलं की वाटे, आता मलाही मागून भलतंच कोणीतरी ओ देईल. मग वाटेवर पावलं वाजली. बॅटरीच्या उजेडात आधी हनुमंतभाऊंचं पांढरं डोकं दिसलं. मग त्यांच्या खांद्याला धरून चालणारी साळुबाई.

"दम लागला म्हनून बसले," साळुबाई म्हणाली. भिमाजी गेल्यापासून तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. "मग उठवंनाच."

"हाक मारायची की, आजी!" रुपेश रडवेला झाला होता.

"कुठली हाक? घसा सुकला व्हता. त्या पोरानंच दिली."

"कोणत्या पोरानं?" मी विचारलं.

"ह्यो काय." ती वळली. वाट रिकामी होती. ती थोडी गोंधळली. "हाताला धरून हुबी केली मला. म्हनला, हितं बसू नका मावशी, आपली मानसं पुढं हायेत."

हनुमंतभाऊंनी अगदी हळू विचारलं, "पायात काय व्हतं त्याच्या?"

"चप्पल. एकाच पायात. मी म्हनलं, पोरा, दुसरी कुठं रं तुझी? तर नुसता हसला."

हनुमंतभाऊंनी तोंडावरून पंचा फिरवला. मला वाटलं ते खाली बसतील, म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला.

"चला. तुमी पुढं व्हा, अमृतभाऊ. म्या मागं हाय."

"आज तरी मधे चला, भाऊ."

"मागं कोनी न्हाई आसं म्या कवाच म्हनत न्हाई," ते म्हणाले. "म्हनून तर हळू चालतो."

मी पुढे गेलो नाही. पुढे जायला रांगेच्या कडेनं एकट्यानं चालावं लागलं असतं, ते धाडस नव्हतं. रुपेशच्या पुढे चालत राहिलो. तेव्हा मला तो आवाज ऐकू आला. हनुमंतभाऊंच्या पायात बूट होते, त्यांची पावलं जड आणि सरळ. त्यांच्याही मागे, बऱ्याच मागे, चप्पल वाजत होती. एकदा चट् वाजायची, मग एक पाऊल मुकं, मग पुन्हा चट्. गावचे दिवे दिसेपर्यंत ती वाजत होती.

सकाळी आम्ही काहीजण ती जागा बघायला गेलो. साळुबाई बसली होती तिथवर उसातून बिबट्याची पावलं आली होती. तिच्यापासून हातभर अंतरावर तो थबकला होता आणि तिथूनच उलटा वळला होता.

हनुमंतभाऊंशी मी यावर कधी बोललो नाही. त्यांनीही विषय काढला नाही. पुढच्या मोर्चाला त्यांनी पुन्हा माझी चप्पल ओढून पाहिली, एवढंच.

पाच वर्षांनी ते गेले. डांबराचा धूर सगळा छातीत साठला होता, असं यशोधरा म्हणाली. सगळा गाव मयताला आला. लंकाबाई आली, थकलेली साळुबाई आली, सयाजी पाटीलही आला. कॅनॉलपलीकडच्या स्मशानभूमीत त्रिशरण-पंचशील झालं. सरणावर शेवटचं लाकूड ठेवण्याआधी यशोधरेनं पदराखालून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि त्यांच्या पायांशी ठेवलं.

"आबांनी सांगून ठेवलं व्हतं," ती मला म्हणाली. "म्हनले, भेटला तर त्याची त्याला दीन."

मी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं आणि ते धुराचं नव्हतं.

परतताना दिवस कलला होता. रांग आपोआप झाली. पुढे रुपेश होता. पुलापाशी आल्यावर सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "मागचा आला का?"

हाक माणसामाणसानं मागे गेली आणि शेवटी थांबली. ती घ्यायला कोणी नव्हतं. सगळी रांग उभी राहिली. बायका रडायला लागल्या.

मी मधून बाहेर पडलो. कडेला उभा राहून सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. सयाजी गेला, लंकाबाई गेली, यशोधरेचा हात धरून साळुबाई गेली. मग मी त्यांच्या मागे लागलो. सगळ्यांत शेवटी कसं वाटतं, ते मला या वयात पहिल्यांदा कळलं. सगळं गाव समोर दिसतं, आणि पाठीला फक्त वाट असते.

"आला!" मी ओरडलो. आवाज चिरकला, पण पुढे पोचला. रांग चालू लागली.

थोडं चाललो असेन. माझ्या मागे, बऱ्याच मागे, चपला वाजायला लागल्या. चट् चट्, चट् चट्. एकही पाऊल मुकं नव्हतं. आणि त्यांच्या बरोबरीनं जड बुटांची पावलं, मुंगीच्या चालीची.

स्मशानातून परतताना मागे वळून बघायचं नाही, असं आमच्यात लहानपणापासून सांगतात. मी वळलो नाही. मी फक्त माझं पाऊल हळू केलं.