वाटीवरची टकटक

टक्. टक्-टक्.

बाने, हिरलच्या आजीने, पितळी वाटीवर चमचा वाजवला आणि सकाळपासून मुकं बसलेलं घर दचकलं. 'हिरल, खायला ये' हे सांगायची बाची ही नवी रीत. वीस दिवसांपासूनची.

वीस दिवसांपूर्वी शाळेतल्या कोकिळाबेन म्हणाल्या होत्या, "चार वर्षांची झाली, तरी अर्धं कच्छी, अर्धं गुजराती! खिचडी झालीय पोरीच्या डोक्यात. घरातली कच्छी बंद करा, मग प्रवेशाचं बघू." नवरा गलबतावर, पार मस्कतच्या वाटेला, हिरलची आई पुनिता विचारणार कुणाला? तिने त्याच दिवशी घरात फर्मान काढलं.

सासू उसळली होती. "तुझ्या नवऱ्याला याच भाषेत वाढवला गं मी. तो काय गलबत उलटं हाकतो?"

"बा, तिला घेतलं नाही तर वर्ष जाईल हो."

नातीच्या वर्षावर आलं म्हटल्यावर बा मऊ पडली. गुजराती तिला कळायची, जिभेवर मात्र चढायची नाही. तेव्हापासून हिरल समोर आली की ती ओढणीचं टोक दातांत धरायची.

मुलाखत आज अकराला होती. साडेनऊ वाजून गेले होते.

"हा रंग कुठला, बेटा?" पुनिताने लाल फ्रॉक पुढे धरत गुजरातीत विचारलं.

हिरल फ्रॉककडे बघत राहिली. खिचडी गेली होती खरी, पण ताटच रिकामं झालं होतं. वीस दिवसांत पोर दिवसाला चार शब्द बोलायची, तेही आईचा चेहरा चाचपून.

"सांग ना! तिथे पण अशीच बसणार आहेस?"

आवाज चढला तशी हिरलची मान खाली गेली. बाने घाईघाईने बाजरीच्या रोटल्याचा तुपात भिजलेला तुकडा वाटीत टाकला आणि तोंडून कच्छीत निसटलंच, "ये गं माझी चिमणी."

"बा!"

बाने ओठांवर हात दाबला. डोळ्यांत पाणी तरारलं.

मग हिरल उठली. वाटीपाशी बसली, बाच्या हातातला चमचा घेतला आणि वाजवला. टक्-टक्. बाने बोटाने जमिनीवर उत्तर दिलं. टक्. हिरल खुदकन हसली. पुनिताच्या हातातून फ्रॉक गळाला. या दोघी रोज बोलत होत्या तर! तिच्या पाठीमागे.

हिरल वळली. चेहरा पुन्हा गंभीर. आणि मग एकही शब्द न अडखळता, कोकिळाबेननी कौतुकाने पाठ थोपटावी अशा स्वच्छ गुजरातीत ती म्हणाली,

"मम्मी, मी आज सगळं बरोबर सांगितलं तर बाला बोलायला देशील?"