एकविसावं प्रकरण

नववा भाग आला तो दिवस रिनाच्या चांगलाच लक्षात राहिला. चंद्रपूरच्या पुस्तकाच्या दुकानात तिनं तीन महिने आधी नाव नोंदवून ठेवलं होतं. दुकानदाराचा फोन आला तशी ती लॅबमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून घुग्घुसहून बसनं गेली आणि पुस्तक छातीशी धरून परत आली. सहाशे बारा पानं. ‘धुक्यापलीकडचं राज्य – भाग नववा’. घरी पाऊल टाकलं तर सासूबाई दारातच उभ्या.

"आणलं का?"

"आणलं, आई."

गिरजाबाईंनी हात पुढं केला. पुस्तक हातात घेऊन त्यांनी जाडी चाचपली, पानांवरून अंगठा फिरवला, नाकाशी नेऊन वास घेतला. "मागच्यापेक्षा जाड आहे," त्या म्हणाल्या. तेवढंच त्यांना कळत होतं. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले होते. उजेड आणि सावली एवढाच फरक आता उरला होता.

एके काळी त्या स्वतः वाचायच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या. दर वर्षी ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गेल्या की तिथल्या दुकानांतून एक पुस्तक घेतल्याशिवाय परतायच्या नाहीत. कादंबऱ्यांच्या वाटेला मात्र कधी गेल्या नव्हत्या. रिना लग्न होऊन आली तेव्हा तिच्या ट्रंकेत या मालिकेचे पहिले तीन भाग होते, ब्रह्मपुरीला कॉलेजात असताना पैसे साठवून घेतलेले. सून धुक्यातल्या राजपुत्राची पुस्तकं वाचते म्हटल्यावर सासूनं नाक मुरडलं. मग एका दुपारी रिना कामावरून आली तर गिरजाबाई पलंगावर पाय घेऊन पहिल्या भागात बुडालेल्या, आणि गॅसवरचं वरण पार करपून गेलेलं.

"हा सोमकेतू लय शहाणा समजते सोताले," मान वर न करता त्या म्हणाल्या होत्या.

त्या दिवसापासून दोघींचं जमलं. त्याआधी सासू-सुनेत वाईट काही नव्हतं, पण बोलायलाही काही नव्हतं. आता अरणी होती. नदीकाठच्या कोळ्यांची पोर, धुकं ओलांडून पलीकडच्या राज्यात जाणारी. आणि सोमकेतू होता, त्या राज्याचा धाकटा राजपुत्र, ज्याला अलीकडे येता येत नव्हतं. कारण तिथला नेमच तसा होता. जो धुक्यापलीकडून इकडे येईल त्याची सगळी आठवण धुक्यातच राहील. आठ भाग लेखिकेनं या एका नेमावर ओढले होते. पाचव्या भागाच्या वेळी गिरजाबाईंची नजर गेली, आणि तेव्हापासून रिना मोठ्यानं वाचू लागली. रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा. खिडकीच्या चौकटीवर बसलेली कोळशाची काळी भुकटी पुसायची, चहा ठेवायचा आणि वाचायला बसायचं. एकच करार होता. पुढचं कोणी आधी वाचायचं नाही.

नवव्या भागात रिनानं तो करार मोडला.

खरं सांगायचं तर सुरुवातीची दोनशे पानं वाचून दोघी वैतागल्या होत्या. नुसत्या राजसभा, सेनापतींची भांडणं आणि एक नवीनच राजकन्या. "ही कोण व मधातच?" गिरजाबाई विचारायच्या. अरणी चाळीस-चाळीस पानं दिसायची नाही, आणि दिसली की तिचे गाल लाल व्हायचे, तेही त्याच शब्दांत. रिनाला वाटू लागलं की लेखिकेला आता संपवायचंच नाहीये. दुकान चालू ठेवायचंय नुसतं. तरीही पुस्तक हातातून सुटत नव्हतं. एके दिवशी ते पर्समध्ये घालून ती लॅबमध्ये घेऊन गेली, आणि रक्ताचे नमुने मशीनला लावून एकविसावं प्रकरण उघडलं.

त्यात सोमकेतू अखेर धुकं ओलांडतो. अरणीसाठी. आणि तिला ओळखत नाही. तिच्याच अंगणात तो परक्यासारखा बसतो. ती ताट वाढून आणते. तो हात जोडून विचारतो, "बाई, तुमचं नाव काय?" ती सांगते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा विचारतो. ती पुन्हा सांगते. असं पान उलटून पान. ना जादू, ना उपाय, ना आरडाओरडा.

रिनानं पुस्तक मिटलं. तिच्या डोळ्यांपुढं अरणी नव्हती, गिरजाबाई होत्या.

तिचे सासरे श्रावण खाणीतून निवृत्त झाले आणि सहा वर्षांत त्यांना विसरण्याचा आजार जडला. शेवटची दोन वर्षं त्यांनी गिरजाबाईंना ओळखलं नाही. राजदीपला, आपल्या मुलाला, कधीमधी ओळखायचे; पण बायकोकडे बोट करून विचारायचे, "हे बाई कोण होय?" गिरजाबाई त्यांना आंघोळ घालायच्या, भरवायच्या. ते गेल्याला आता चार वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांबद्दल गिरजाबाई एक अक्षर कधी बोलल्या नव्हत्या. रिनानंही कधी विचारलं नव्हतं.

हे प्रकरण यांना कसं वाचून दाखवायचं? बसमध्ये तिनं ठरवून टाकलं.

त्या संध्याकाळी तिनं एकविसावं प्रकरण उघडलं, आणि पानावर नजर ठेवून दुसरंच सांगितलं. सोमकेतू धुक्यातून बाहेर येतो, अरणी नदीवर असते, तो हाक मारतो, "अरणी!" तिच्या हातातली घागर पडते. लेखिकेची भाषा रिनाला नऊ भागांनंतर तोंडपाठ होती. लाल गालसुद्धा तिनं बरोबर जागी घातले.

गिरजाबाई ऐकत होत्या. चहा तसाच राहिला.

"वळखलं त्यानं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"लगेच?"

"लगेच, आई."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

पण एक प्रकरण बदलून भागणार नव्हतं. पुढची सगळी गोष्ट त्या न ओळखण्यावरच उभी होती. रिना रोज कामावर पुढचं वाचायची, येताना बसमध्ये नवीन काहीतरी जुळवायची आणि संध्याकाळी ते पुस्तकातलं म्हणून सांगायची. जुळलं नाही तर पानंच्या पानं उलटायची. आठवडाभरात पुस्तक संपलं. शेवटी तिनं दोघांचं लग्न लावून दिलं.

"एवढं जाडं पुस्तक, लवकर सरलं," गिरजाबाई म्हणाल्या.

"मधात लढाया होत्या नुसत्या. गाळल्या मी."

"अन् तो नेम? इकडं येईन त्याले काई याद राहणार नाई, असं बाईनंच लिवलं होतं ना? मंग याले कसं याद राह्यलं?"

रिनानं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. "असंच लिवलंय," ती म्हणाली.

"आठ भाग जीव लावला न् नवव्यात उरकून टाकलं." गिरजाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "सोताचा नेम सोताच मोडते. खोटं लिवलं बाईनं. आता दहावा नको आणू."

"हो ना," रिना म्हणाली. "यावेळी बिघडलंच."

असं तिनं आपल्या तोंडानं म्हटलं. ज्या बाईनं तिच्या कॉलेजच्या दिवसांपासून तिला साथ दिली, जिनं दोनशे कंटाळवाण्या पानांनंतर एकदाच काळजाला हात घालणारं काहीतरी लिहिलं होतं, तिच्या नावावर रिनानं आपलं खोटं खपवलं. मनाला ते टोचलं, पण फार नाही. सासूबाईंना त्रास झाला नाही ना, मग झालं तर, असं तिनं स्वतःला समजावलं.

पुस्तक शेजारच्या ज्योत्स्नानं वाचायला नेलं. ज्योत्स्ना अंगणवाडी सेविका, तीही या मालिकेची वाचक. पंधरा दिवसांनी एका रविवारी सकाळी ती पुस्तक परत द्यायला आली. रिना आत पोळ्या लाटत होती. ज्योत्स्ना गिरजाबाईंजवळच टेकली.

"मावशी, त्या एकविसाव्यानं तर मले रडवलं वो. जेवण गेलं नाई मले त्या दिवशी."

"कायनं?" गिरजाबाई म्हणाल्या. "वळखलं ना त्यानं तिले?"

"कुठी वळखलं? तेच तं! रोज नाव विचारते तिले. बाई, तुमचं नाव काय, म्हणते. अन् ती रोज सांगते. शेवटपर्यंत त्याले काई याद येत नाई. रिनानं वाचून नाई दाखवलं का?"

तव्यावरची पोळी करपायला लागली. रिनानं ती काढून दुसरी टाकली.

"दाखवलं ना," गिरजाबाई शांतपणे म्हणाल्या. "मीच इसरली असन. सांग बरं अजून."

आणि ज्योत्स्नानं सगळं सांगितलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. ती गेल्यावर गिरजाबाईंनी हाक मारली. रिना पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

"पुस्तकात तो तिले वळखत नाई?"

"नाई, आई."

"अन् तू मले जे सांगितलं?"

"ते... मीच जोडलं. तुमाले तरास होईन म्हणून."

रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जात होते, एकामागून एक.

"तरास तं होऊन गेला, रिना," गिरजाबाई म्हणाल्या. "तो का पुस्तकानं होणार होता? दोन वरसं मले वाटे का माह्यासारखं कोणाचंच झालं नसन. कोणी लिवलं असन असं तं सपनातबी नोयतं वाटलं."

"मी वाचते ना आता. आत्ताच वाचते. अक्षर न् अक्षर वाचते." रिनानं पुस्तक उचललंही. जिल्दीवर तिची पिठाची बोटं उमटली.

"नको."

"आई, खरंच..."

"खरंच वाचशील, मले मालूम आहे. पण मले कसं समजन? मी आयकत राहीन, न् मनात म्हणत राहीन का हे बाईचं होय का रिनाचं. डोळे होते तवा मी पान पाहे. मंग तुह्या तोंडावर भरोसा ठेवला." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर रिनाला बरं वाटलं असतं. "जा, पोळी करपून राह्यली."

घरात त्यानंतर काही बिघडलं असं म्हणता येणार नाही. गिरजाबाई रिनाशी बोलत होत्या, तिच्या हातचं जेवत होत्या, भाजीत मीठ कमी पडलं तर सांगत होत्या. पण ब्रह्मपुरीहून त्यांच्या लेकीचा, दिव्यानीचा, मोबाईलवर मेसेज आला की पूर्वी रिना वाचून दाखवायची; आता तो त्या राजदीप येईपर्यंत ठेवू लागल्या. राजदीप पाळीवरून दमून आलेला असायचा. "रिना वाचून देईन ना," तो म्हणायचा. "तूच वाच," त्या म्हणायच्या, "अन् लिवलं तेवढंच वाच." राजदीपला त्यातलं काही कळायचं नाही. रिनाला कळायचं. ती भांडी घासत राहायची.

संध्याकाळचे साडेपाच वाजले की तिला काय करावं सुचायचं नाही. एकदा तिनं लेखिकेला पत्र लिहायला घेतलं. लिहिलं की नवव्या भागाची पहिली दोनशे पानं मला मुळीच आवडली नाहीत, आणि एकविसाव्या प्रकरणाइतकं चांगलं तुम्ही आजवर काही लिहिलं नाही. मग पुढं काय लिहावं? मी ते माझ्या सासूबाईंपासून लपवलं? तुम्हाला त्यांच्यापुढं खोटं पाडलं? अर्धा कागद कोरा राहिला. पत्र तिनं टाकलं नाही.

दिवाळीनंतर एका शुक्रवारी लॅबचं मशीन बंद पडलं आणि रिना तीन वाजताच घरी आली. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून ज्योत्स्नाचा आवाज येत होता. ती वाचत होती. अंगणवाडीतल्या पोरांना वाचून दाखवावं तसं, शब्द सुटे सुटे करून, जोडाक्षराला अडखळत. एकविसावं प्रकरण. पुस्तक कपाटातून कधी काढलं गेलं ते रिनाला माहीतही नव्हतं.

"‘बाई, तुमचं नाव काय?’ त्यानं पुन्हा विचारलं," ज्योत्स्ना वाचत होती.

"थांब," गिरजाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज भरून आला होता, पण मध्येच त्या हसल्याही. "माहं आयक. आमचे हे असेच रोज इचारत. मी रोज सांगो, गिरजा. एक दिवस मले राग आला. मी म्हटलं, माहं नाव कमळा."

"अगं बाई! मग?"

"मंग काय. म्हणे, बसा कमळाबाई. माही गिरजा वावरात गेली, येईनच आता. अन् मले गिरजेचं सांगत बसले. का धानाच्या रोवण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाई. का तिचा सोभाव तेज आहे, पण मले बोलली का मी गुपचूप आयकून घेतो, कारण बरोबर तीच असते. चाळीस वरसांत मले तोंडावर एक शब्द म्हटला नाई या माणसानं. मंग मी रोज दुपारी कमळाच झाली. कामं आटपली का जाऊन बसो, न् इचारो, तुमची गिरजा कशी आहे, भाऊ?"

ज्योत्स्नानं नाक ओढल्याचा आवाज आला. बहुतेक तीही रडत असावी.

"कोणाले सांगितलं नाई मी हे," गिरजाबाई म्हणाल्या. "राजदीपलेबी नाई."

रिना दाराबाहेर उभी होती. त्या दोन वर्षांत ती याच घरात होती. दुपारी कामावर असायची, संध्याकाळी परत यायची. आत जावं, त्यांच्या पायाशी बसावं आणि म्हणावं की आई, मलाही सांगा, असं तिला फार वाटलं. पण ते सांगून झालं होतं, आणि ते ऐकायला तिथं दुसरंच कोणी बसलं होतं.

आत पान उलटल्याचा आवाज आला. ज्योत्स्ना पुढचं वाचू लागली. रिना आल्या पावली मागं फिरली, चौकातल्या दुकानात गेली, नको असलेला एक साबण घेतला आणि ट्रकांच्या धुळीत पाऊण तास उभी राहिली. मग घरी आली आणि दाराची कडी जरा मोठ्यानं वाजवली.