तुळसाबाईंनी निवडलेला कार्ब्युरेटर

बॉनेट उघडलंत का? मग जरा वाकून बघा. कळकट एअर क्लीनरच्या खाली, करवंटीपेक्षा थोडा मोठा, अंगाला पेट्रोलचा वास असलेला जो दिसतोय तोच मी. या सहा सिलिंडरच्या जुन्या पिकअपचा कार्ब्युरेटर.

माझं काम तसं साधं. हवेत बेताचं पेट्रोल मिसळायचं आणि इंजिनाला पाजायचं. जास्त झालं तर काळा धूर, कमी झालं तर गाडी खोकते. आमटीतल्या मिठासारखं आहे हे. बरोबर पडलं की कोणी नाव काढत नाही.

माझा जन्म परदेशातला. बोटीने मुंबईला आलो आणि पहिली चाकरी केली ती अल्फान्सो नावाच्या शेतकऱ्याच्या ट्रकवर. दर रविवारी चर्चमधून आला की तो कोंबडीच्या पिसाने माझी भोकं साफ करायचा. सुई कधी घातली नाही, भोक मोठं होईल म्हणून. असा मालक मिळायला पुण्याई लागते. पुढे तो ट्रक मोडीत निघाला, पण अल्फान्सोने मला जाऊ दिलं नाही. कोपरीच्या प्रभाकर मेकॅनिकच्या हातात मला देऊन म्हणाला, "ह्याला टाकू नको रे. कोणाच्या तरी उपयोगी पडेल."

त्यानंतर अकरा वर्षं मी प्रभाकरच्या फळीवर धूळ खात होतो. शेजारी होता एक दोन तोंडांचा थोरला कार्ब्युरेटर, आठ सिलिंडरच्या गाडीवरून उतरवलेला. त्याचा तोरा काय सांगू! जणू मी त्याच्या ताटातली वाटी.

एके सकाळी गोपीनाथ आला. कोपरीतलाच आगरी, बाप-आजे मिठागरावर राबलेले. त्याची पिकअप चढावर मान टाकायची, कारण तिच्या कार्ब्युरेटरची दांडी झिजली होती आणि त्या फटीतून नको ती हवा आत शिरायची. केबिनमध्ये त्याची आई बसली होती, तुळसाबाई.

तुळसाबाई धवलारीण. आगऱ्यांच्या घरी धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते, तेव्हा लग्न पुढे सरकतं. पण म्हातारीचे गुडघे गेले होते, एस.टी.ची पायरी चढवत नव्हती. ही पिकअप म्हणजेच तिचे पाय. दुसऱ्या दिवशी कल्याणच्या पलीकडे नेवाळीला तिच्या लेकीच्या लेकीची, जयाची हळद होती. जया पाळण्यात असतानाच आजीने शब्द दिला होता की तुझे धवले मीच गाईन. गाडी धड झाली नाही तर गोपीनाथ ती भंगारात देणार होता. मग जयाच्याच काय, कोणाच्याच मांडवात तुळसाबाई पोचणार नव्हत्या.

प्रभाकरने आम्हा दोघांना फळीवरून खाली घेतलं.

"सहा सिलिंडर हायेत परभाकर," गोपीनाथ मला तळहातावर तोलत म्हणाला, "ही येवरीशी वाटी काय पुरंल?"

"अरे, इंजिन किती हवा ओढतं ते बघायला लागतं. हाच त्या मापाचा आहे."

"लग्नाच्या गारीला कमती कशाला? मोठा घाल."

हीच तर आगऱ्यांची गोड खोड. यांच्या पंगतीत पाहुण्याने दोन्ही हातांनी पान झाकलं तरी बोटांच्या फटीतून वाढतील. तोच न्याय गोपीनाथने इंजिनाला लावला. प्रभाकरने माप जुळवायला मध्ये एक प्लेट घालून थोरल्याला बसवलं. कोपरीच्या पुलाचा चढ लागला, गोपीनाथने पाय दाबला आणि गाडीला असा ठसका लागला की काळा धूर सोडून ती जागीच बसली. चार जणांनी ढकलत परत आणली. थोरल्याची फजिती बघून मला हसू यायला हवं होतं. म्हातारीचा चेहरा पाहिला आणि नाही आलं.

"संपली गारी, आये," गोपीनाथ म्हणाला. "उद्या तुजा काय खरा नाय."

तुळसाबाई खाली उतरल्याच नाहीत. "गारीला काय नाय झाला. तू तिला जास्ती भरवलंस. मोठा तोंड उघडला म्हनून धवला लांब जात नाय रं. दम बघून तोंड उघडाचा. तो बारका लाव."

"आये, तुना यातला काय समजतं?"

"दम समजतं. चालीस वरसं लग्ना लावतंय."

प्रभाकर हसला नाही. त्याने मला रॉकेलमध्ये धुतलं, नवं पॅकिंग घातलं, बसवलं. इंजिन सुरू झालं, पण गाडीचं अंग थरथरत होतं. तेव्हा तुळसाबाईंनी हळू आवाजात धवला धरला आणि प्रभाकर त्यावर कान ठेवून माझा स्क्रू फिरवू लागला.

"आजून मंद... आजून... थांब. हां. आता तिचा न माजा दम येक."

दुसऱ्या दिवशी तो पूल आम्ही न खोकता चढलो. नेवाळीला पोचलो तर जया हळदीच्या अंगाने मांडवाबाहेर धावत आली, "आजी आली! गं बाई, आजी आली!" मी बॉनेटखाली तापलेला होतो आणि फार सुखात होतो. अल्फान्सोने टाकलं नाही, प्रभाकरने जपलं, तुळसाबाईंनी निवडलं. मेकॅनिकच्या फळीवरच्या एका वाटीने आणखी काय मागावं?

याला बरीच वर्षं झाली. आता पिकअप घरामागे उभी असते. तुळसाबाई ऐंशीच्या पुढे गेल्या, मांडवात जात नाहीत. पण जया आजोळी आली की दोघी केबिनमध्ये बसतात, गोपीनाथ इंजिन चालू करून देतो आणि आजी नातीला धवले शिकवते.

गेल्या खेपेला म्हातारीचा दम ओळीच्या अर्ध्यातच तुटला. तिने ओळ पुन्हा धरली, पुन्हा तुटली. इंजिन आपलं पुढे पळत होतं. गोपीनाथ पुढे आला, त्याने बॉनेट उघडलं आणि माझा स्क्रू पाव आटा मागे घेतला. मी हवा कमी केली, इंजिन मंदावलं. तुळसाबाईंनी पुन्हा ओळ धरली आणि शेवटपर्यंत नेली.

तेवढी एक विनंती. उद्या कोणी मेकॅनिक आला, कान लावून म्हणाला की ही गाडी फार मंद चालते, तर त्याला स्क्रूला हात लावू देऊ नका. ती बरोबर चालते.