काळे चष्मे

संघप्रियाला त्या दिवशी प्रमोदिनीताईंची जिरवायचीच होती. मग इंटर्नशिपचं प्रमाणपत्र गेलं तरी बेहत्तर.

परभणीतली ताईंची ती मोतीबिंदूची ऑपरेशनं करून देणारी संस्था म्हणजे नुसता सावळागोंधळ. कपाटाची किल्ली सापडली तर आतली औषधं संपलेली, औषधं आली तर डॉक्टरांना कळवायचं राहिलेलं. तेही पोरीनं सोसलं असतं. पण पोखर्णीच्या सरजाबाईला, आपल्या चुलत आजीला, तिनं शब्द दिला होता की मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न्यायला संस्थेची गाडी येईल. म्हातारी पिशवीत लुगडं भरून संध्याकाळपर्यंत रस्त्यावर बसून राहिली. गाडी गेली होती ताईंच्या भाचीच्या साखरपुड्याला. "अगं, राहून गेलं," म्हणत ताईंनी समोसा मोडला.

ते 'राहून गेलं' संघप्रियाच्या डोक्यातून जाईना.

मग पुण्याचे देणगीदार ऑपरेशन झालेल्या बायका बघायला पोखर्णीला यायचे ठरले. अशा बायका कोण आणि कुठं, हे ऑफिसात कुणाला धड ठाऊक असेल तर शपथ. ताईंनी काळ्या चष्म्यांचं खोकं तिच्या हातात दिलं. "समाजमंदिरात कुठल्याही बायका बसव. चष्मा घातला की सगळ्या सारख्याच दिसतात."

"बसवते की," संघप्रिया गोड आवाजात म्हणाली.

तिनं पहिल्या ओळीत, अगदी मधोमध, सरजाबाईला बसवलं. पढवलं काहीच नाही. फक्त कानात म्हणाली, "आजी, इचारतील ते खरं सांग."

पाहुण्या बाई वाकल्या. "आजी, आता नीट दिसतं का?"

"कसं दिसंल बाई? आपरेशनच झालं न्हाई. गाडी साखरपुड्याला गेलती. आन् ह्यो चष्मा घातल्यापासनं व्हतं तेबी दिसंना."

मागच्या बायका हसल्या आणि एकेकीनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. संघप्रियानं तो डोळे भरून पाहून घेतला. लय बरं वाटलं तिला. देणगी बंद, एवढंच सांगून पाहुणे जेवायलाही न थांबता निघून गेले.

"प्रमाणपत्र विसर आता," ताई दात खाऊन म्हणाल्या.

"असू द्या ताई. कॉलेजात सांगते, राहून गेलं म्हणून."

सरजाबाईचा हात धरून ती घराकडे निघाली, ती जणू जग जिंकूनच.

"लय झ्याक जिरवलीस तिची," म्हातारी पाय चाचपत म्हणाली. "पण पोरी, आता माझ्या डोळ्याला गाडी कोन धाडनार?"

पुढं खड्डा आहे, एवढंच संघप्रियानं सांगितलं.