रिकाम्या खोलीचा आवाज

रीनाने कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायची हिरवी तार काळीला जोडून तो चालू केला आणि टेबलावरच्या लाकडी पेटीतले ट्रॅक्टरचे दिवे एकेक करून पेटवायला घेतले. पहिल्या दोन दिव्यांना पॉवर सप्लायने भीक घातली नाही. आणखी दोन-तीन पेटल्यावर त्याचा पंखा जागा झाला. सगळे पेटले तेव्हा दुकानात लग्नमांडवासारखा उजेड पडला आणि समोर बसलेल्या निकेशने डोळ्यांवर हात धरला. मीटरवरचा आकडा मात्र बारा व्होल्टच्या आसपास जिथे होता तिथेच बसून राहिला.

“पाहून घ्या भाऊ,” रीना म्हणाली. “एवढ्या ओझ्यानंही वाकत नाही.”

“इथं नाही वाकत ना, ताई. माझ्या घरी डब्ब्याले हात लावला का मुंग्या येते. अन् गाणं रेकॉर्ड करा, तर मागं भुंगा बसल्यावानी आवाज.”

भंडाऱ्यात भांड्यांच्या बाजाराला लागून रीनाचं दुकान होतं. तिची गिऱ्हाइकं हौशी. एकेक भाग पारखून घेणारी, स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडणारी. पॉवर सप्लाय हा त्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. दिसत नाही म्हणून लोक तिथेच हात आखडता घेतात. रीना मात्र तो दिव्यांच्या पेटीला तासन्‌तास जुंपल्याशिवाय विकत नसे. या कसोटीला उतरला की त्यावर सहीची पांढरी चिठ्ठी चिकटवायची. या चिठ्ठीवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवत, अगदी नागपूरची पोरंसुद्धा.

निकेश सानगडीचा. झाडीपट्टीतल्या नाटकांना तो संगीत देत असे, आणि पुढच्या हंगामाची गाणी उन्हाळ्यातच उरकावी लागत. जानेवारीत नेलेला कॉम्प्युटर आधी गुणी बाळासारखा चालला. महिन्याभरापासून बिघडला होता. हौशी मंडळींच्या ग्रुपवर विचारून पाहू का, असं निकेशने अगदी नरमाईने विचारलं. ती नरमाईच रीनाला जास्त टोचली. एकदा तिथे ‘चिठ्ठी असूनही’ असं कुणी लिहिलं, की मग पेटीतले दिवे कितीही पेटवले तरी काय उपयोग!

नवा सप्लाय देऊन मोकळं होणं सोपं होतं. पण मग खरं काय झालं होतं ते कधीच कळलं नसतं, आणि न कळण्याचं तिला नुकसानापेक्षा जास्त वाईट वाटे. तिने उद्या घरी येऊन बघते असं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती पेटी मांडीवर घेऊन एसटीत बसली. कंडक्टरने दिव्यांकडे बघून कुठे लग्न आहे म्हणून विचारलं. सानगडीत, असं तिने ठोकून दिलं.

निकेशचं घर नुकतंच सजलं होतं. अंगणात नव्या सिमेंटच्या विटा बसवल्या होत्या आणि स्वयंपाकघरात चकचकीत सिंक होतं. निकेशने ते कौतुकाने दाखवलं. आईची कंबर धरते, बाहेर उकिडवं बसून भांडी घासणं आता पुरे, म्हणून खास तिच्यासाठी करून घेतलेलं. त्याची बायको राखी त्यातच भांडी विसळत होती.

रीनाने कॉम्प्युटरच्या डब्यावर बोटाची मागची बाजू हलकेच फिरवली. मुंग्या आल्या. हेडफोन लावले, तर भुंगाही होता. तिने जोडणी सोडवून सप्लाय पेटीला लावला, दिवे पेटवले. आकडा इथेही हलला नाही. म्हणजे त्याच्या पोटात काही दुखत नव्हतं. मग तिने पिशवीतून साधा शंभरचा बल्ब काढला. त्याची एक तार भिंतीवरच्या सॉकेटच्या चालू भोकात घातली आणि दुसरी वरच्या मोठ्या भोकात, अर्थिंगच्या. बल्ब लागायला हवा होता. लागला नाही.

रीनाला इतका आनंद झाला की तिचं तिलाच ओशाळं वाटलं.

“तुमच्या घराचं अर्थिंग कुठं आहे, भाऊ?”

निकेशने राखीकडे पाहिलं आणि राखीने छताकडे. घर वडिलांनी बांधलेलं, आणि ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. रीना मग मीटरपासून निघालेल्या हिरव्या तारेच्या मागे लागली. तार भिंतीवरून घराच्या मागे गेली, खाली उतरली आणि नव्या विटांमध्ये गडप झाली. शेजारीच एक रुंद, गुळगुळीत दगड भिंतीला टेकवून उभा केला होता. त्याच्या मधोमध घासून घासून खळगा पडला होता.

“हा कशाचा?”

“आईचा,” राखी म्हणाली. “इथंच बसून भांडे घासत. सकाळ-संध्याकाळ.”

“आणि पाणी?”

“पाणी काय, इथंच मुरे.”

रीनाने निकेशकडून सब्बल मागवून दोन विटा उचकटल्या. खाली लोखंडी पाइपचं तोंड होतं आणि भोवतीची माती भाकरीसारखी तडकलेली. तिने बादली मागितली. मग दुसरी मागितली. आत बल्ब तसाच जोडून ठेवला होता, त्याच्याकडे बघत बसायचं काम राखीकडे दिलं. बराच वेळ काही झालं नाही. मग आतून हाक आली की बल्बातली तार लाल होऊन राहिली. आणखी दोन बादल्यांनी बल्ब पिवळा झाला.

रीनाने उलगडून सांगितलं. सप्लाय आपल्याजवळची उरलीसुरली वीज तिसऱ्या तारेने जमिनीत सोडतो. जमीन कोरडी पडली की ती जाणार कुठे, म्हणून डब्यावर येऊन बसते. खड्डा उकरून कोळसा-मीठ भरून घ्या, आणि उन्हाळ्यात आठवणीने पाणी घालत जा.

“रोज कोणाले आठवण राहते?” राखी म्हणाली.

निकेश दगडाजवळ उभा होता. रीनाने आई कुठे असतात म्हणून सहज विचारलं. वरठीला, बहिणीकडे गेली, एवढंच तो म्हणाला. पुढचं राखी बोलली.

“सिंक झाल्यावर चार दिवस दारात बसून राहिल्या. मग म्हणे, आता इथं मी काय करू? आम्ही म्हटलं, आराम करा. तर पिशवी भरली.”

“तिच्यासाठीच केलं होतं,” निकेश म्हणाला. कुणी त्याला काही म्हटलं नव्हतं. त्याने खळग्यातली धूळ हाताने झटकली आणि हात पँटला पुसला.

निघताना रीनाने त्याला एक काम सांगितलं. खड्डा नीट भरून झाला की माइक चालू करून रिकाम्या खोलीचं मिनिटभर रेकॉर्डिंग पाठवायचं. गाणं नको, बोलणं नको. भुंगा गेला की नाही ते तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

दिवस गेले, आणि तो विसरला असं तिने धरून चाललं. मग एका सकाळी, नव्या सप्लायवर दिवे पेटवत असताना, फोनवर ते आलं. तिने पेटी बंद केली, शटर अर्धं ओढलं, हेडफोन लावून आवाज पुरता वाढवला आणि डोळे मिटले.

भुंगा नव्हता. त्याच्या जागी स्वच्छ शांतता होती. तिची चिठ्ठी खरी ठरली होती. ती हेडफोन काढणारच होती, इतक्यात त्या शांततेत, खूप मागे, काहीतरी खरखरलं. दगडावर भांडं टेकल्याचा आवाज झाला. पाणी ओतलं गेलं. मग एक वयस्कर बाईमाणूस खणखणीत आवाजात बोललं.

“राखी, आण ते कढई इकडं. तुह्या त्या सिंकात नाही निघत तिची काजळी.”

रेकॉर्डिंग संपलं. खाली निकेशचा निरोप होता: ताई, मागून भांड्याचा आवाज येऊन राहिला. दुपारी शांततेत दुसरं पाठवू का?

रीनाने लिहिलं, नको. हेच चांगलं आहे.

मग तिने शटर तसंच राहू दिलं आणि ते मिनिट पुन्हा पहिल्यापासून लावलं.