नको नको, कशाला त्रास

मार्चचा हप्ता चुकला तेव्हा आम्हाला वाटलं, एकच तर आहे. बावीस वर्षांत पहिलाच. माझा नवरा फिन्टन गिलाव्याची कामं करतो. जानेवारीत बॉइल गावाजवळ एका शाळेच्या कामावर तो परांचीवरून पडला आणि उजवा खांदा मोडून घेऊन घरी आला. गिलावा करणाऱ्याचा उजवा खांदा गेला की घरात येणारा पैसा थांबतो, एवढा सरळ मामला आहे. मी शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धा दिवस काम करते. त्यात किराणा भागतो, विजेचं बिल भागतं, घराचा हप्ता भागत नाही.

घर फिन्टनने स्वतः बांधलंय. जागा त्याच्या वडिलांच्या कुरणातला तुकडा, बाकी सगळं बँकेच्या कर्जातून. भिंतींवर दुसऱ्या कोणाला त्याने हात लावू दिला नाही. लग्न झाल्यावर दोन हिवाळे आम्ही अंगणात उभ्या केलेल्या चाकांवरच्या फिरत्या घरात काढले, कारण या साहेबांना स्वयंपाकघराचा कोपरा मनासारखा गोल होत नव्हता. मी तेव्हा पोटुशी होते आणि तोंडाने फटकळ, त्यामुळे त्या दोन हिवाळ्यांत त्याने काय काय ऐकून घेतलं ते विचारू नका. पण त्या कोपऱ्यावरून आजही हात फिरवला की तळहाताला काही लागत नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बँकेचा फोन आला. मी मागे कपडे वाळत घालत होते. आत आले तर फिन्टन फोन खाली ठेवून खुशीत बसला होता.

"कोण होतं?"

"बँकेतली बाई. फार चांगली बोलली गं. कसे आहात म्हणून विचारलं आधी."

"तू काय सांगितलंस?"

"मजेत."

"खांदा मोडलाय आणि मजेत?"

"मग काय, फोनवर रडू? कोणी कसे आहात विचारलं की माणूस मजेतच म्हणतो."

"बरं. हप्त्याचं काय म्हणाली?"

"सहा महिने हप्ता निम्मा करून देऊ का, म्हणाली."

मी कपड्यांची टोपली खाली ठेवली. देवाने ऐकलं, असं मनात आलं. "मग? कधीपासून?"

"मी म्हटलं, नको नको, कशाला त्रास."

आता हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको, पण सांगते. आयर्लंडात, निदान आमच्या रॉसकॉमनमध्ये, कोणी चहा विचारला की आपण नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की अगदीच नको, आत्ताच झाला, म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की बरं, अर्धा कप, म्हणून खुर्ची ओढायची आणि दोन कप प्यायचे. पहिल्या झटक्यात हो म्हणणारा हावरट, आणि तिसऱ्यांदा न विचारणारा चिक्कू. फिन्टन तर यात सगळ्यांचा बाप. स्वतःच्या आईच्या घरीसुद्धा तो आग्रहाशिवाय बटाटा घेत नसे.

"फिन्टन, ती बँक आहे. तुझी मावशी नव्हे."

"अगं, ती पुन्हा विचारेल. एवढं चांगलं बोलणारी बाई."

"विचारलं का पुन्हा?"

"नाही. बरं, तुमचा दिवस छान जावो, म्हणाली."

मी त्याच्यासमोरच बँकेला फोन लावला. फोन कानाला धरून पाऊण तास बासरीची धून ऐकली. मग एक मुलगा आला आणि त्याने समोरचं वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. सवलत देऊ केली, ग्राहकाने नाकारली. आर्थिक अडचण विचारली असता ग्राहक मजेत असल्याचे ग्राहकाने सांगितले.

"अहो, तसं म्हणायची पद्धत असते," मी म्हटलं.

"कसली पद्धत, मॅडम?"

काय सांगणार त्याला? मी म्हटलं, आम्हाला सवलत हवी आहे. तो म्हणाला, आता फॉर्म भरावा लागेल. फॉर्म चौदा पानांचा निघाला. महिन्याला केस कापायला किती लागतात हेही त्यात विचारलं होतं. आम्ही तो भरला, पोस्टात टाकला, आणि त्याचं पुढे काय झालं हे आजतागायत कोणाला माहीत नाही. कारण जूनमध्ये पत्र आलं की आमचं कर्ज बँकेने दुसऱ्या एका कंपनीला विकलंय. नवी कंपनी म्हणाली, तुमचा असा कुठलाही अर्ज आमच्याकडे नाही.

मला इथे खरी भीती वाटायला लागली. बँक निदान गावात होती. तिचं दार, तिची घंटा, काउंटरवरची ती सर्दीवाली बाई, सगळं माहितीतलं. या नव्या लोकांचं फक्त एक पाकीट येई, पांढरं, खिडकीचं, डब्लिनच्या टपालपेटीचा नंबर लिहिलेलं. त्याच्यामागे माणूस आहे की नाही तेच कळत नसे. पोस्टमनसुद्धा ते पाकीट द्यायला लागला की हवापाण्याचं बोलायचा नाही.

कर्जाच्या अडचणीत सल्ला देणारं सरकारी ऑफिस तालुक्याच्या गावात आहे, फुकट आहे, प्रत्येक पत्रात त्यांचं पत्रक असतं. पण त्याचं दार खाटकाच्या दुकानाला लागून. शनिवारी अर्धी पंचक्रोशी तिथे रांगेत उभी असते. फिन्टन म्हणाला, त्या दारातून आत जाण्यापेक्षा दुसरा खांदाही मोडून घेईन. आणि मी त्याला ओढत नेलं नाही. ही चूक माझी.

ऑगस्टच्या अखेरीस शेजारची ब्रीद फाटकापाशी आली. तिला पोटात काही ठेवता येत नाही.

"काल एक करडी गाडी उभी होती तुमच्या घरासमोर. तू शाळेत होतीस, फिन्टनही घरात नव्हता. एक माणूस फोटो काढत होता, छपराचे, मागच्या बाजूचे. मी विचारलं, काय हवंय, तर म्हणाला, काही नाही. विकायला काढलंत की काय?"

"नाही गं. विम्याचा असेल."

"विम्याचा माणूस आत येतो, चहा घेतो," ब्रीद म्हणाली.

मी फिन्टनला सांगितलं नाही. पण तो दुसऱ्या दिवसापासून खिडकीशी बसायला लागला, तेव्हा ब्रीदने त्यालाही सांगितलं असणार. रस्त्यावर गाडी हळू झाली की दोघंही बोलायचं थांबवायचो. गाडी पुढे गेली की दोघंही काही झालं नाही असं दाखवायचो. रस्ता तोच, वळण तेच, तिथे सगळेच गाड्या हळू करतात. आम्हाला मात्र प्रत्येक गाडी करडी दिसायला लागली.

सप्टेंबरच्या पत्रात एक नवा शब्द होता. सवलत नाकारली आणि अर्ज केला नाही, म्हणून आमची नोंद आता 'असहकारी कर्जदार' अशी झाली होती. असहकारी ठरलेल्या कर्जदाराला कोर्टापासून जे संरक्षण असतं ते मिळत नाही, असं खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. फिन्टनने चष्मा लावून तो शब्द दोनदा वाचला. या गावात कोणी गेलं की कबर खणायला पहिलं फावडं घेऊन हा उभा असतो. कोणाचं जळणासाठी वाळत टाकलेलं पीट भिजायला आलं की न बोलावता हा शेतात. त्याला असहकारी म्हणायला यांची जीभ तरी कशी वळली? मला इतका संताप आला की मी ते पत्र चुरगळून फेकलं, आणि मग घाबरून पुन्हा इस्त्री करून ठेवलं.

पत्राच्या शेवटी होतं, आमचे प्रतिनिधी मंगळवारी अकराला घरी येतील.

सोमवारी मी फिन्टनला समोर बसवलं. "उद्या मी बोलणार. तू तोंड उघडायचं नाही. नको हा शब्द तर तुझ्या तोंडून निघाला ना, तर दुसरा खांदा मी मोडीन."

"कबूल."

"काहीही दिलं तरी आपण पहिल्यांदाच हो म्हणायचं. ही माणसं दोनदा विचारत नाहीत."

"कळलं गं. नाही उघडत तोंड."

संध्याकाळी भांडी घासताना मी चक्क सराव केला. हो. हो, द्या. हो, चालेल. मोठ्याने म्हणताना मला माझीच लाज वाटत होती.

मंगळवारी अकराला गाडी आली. करडी नव्हती, निळी होती. मिस्टर ट्वीडी म्हणून कोणी, चाळिशीचा, नीट केस कापलेला. पायपुसण्यावर त्याने बूट व्यवस्थित पुसले. आत आल्यावर त्याची नजर आधी आमच्याकडे गेली नाही, छताकडे गेली. मग त्याने भिंतीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं. फिन्टनने ते पाहिलं. त्याचा चेहरा उतरला, पण शब्द दिल्याप्रमाणे तो गप्प राहिला.

"चहा घेणार ना?"

"नको, थँक्यू."

"अहो घ्या की. पाणी उकळलंय."

"नको."

"थोडासा? ब्राउन ब्रेड सकाळीच केलाय."

"मॅडम, मी नको म्हणालो," तो शांतपणे म्हणाला. रागावला वगैरे नव्हता. त्याला खरंच नको होता. मी चांगले कप तसेच टेबलावर राहू दिले.

त्याने कागद काढले. आम्ही या भेटीसाठी पुन्हा भरलेला फॉर्म, माझ्या पगाराची पत्रकं, सगळं तपासलं. मधूनमधून हम्म करत होता आणि मला वाटलं, माणूस वाईट नाही. मग थांबला.

"डॉक्टरांचं पत्र नाहीये. हे कधीपासून काम करू शकतील ते लिहिलेलं."

"येत्या सोमवारी मिळणार आहे," मी म्हटलं. "गॉलवेच्या इस्पितळात तपासणी आहे तेव्हा."

"त्या पत्राशिवाय अर्ज अपुरा. अपुरा अर्ज शुक्रवारी कायदा विभागाकडे जातो. ते कोर्टात घराच्या ताब्याची मागणी करतील." त्याने डायरी उघडली. "मी पुढच्या मंगळवारी पुन्हा येऊ शकतो. ते पत्र घेऊन जाईन, तोवर फाइल माझ्याकडे ठेवतो. येऊ का?"

डब्लिनहून दोन तासांचा रस्ता. माणूस स्वतःहून म्हणतोय. मला इतकं बरं वाटलं, इतकं हलकं वाटलं, की तोंडातून कधी निघालं ते कळलंच नाही.

"नको नको, एवढ्या लांबून पुन्हा खेप कशाला तुम्हाला."

आणि मी वाट बघत बसले. खरं सांगते, वाट बघत बसले. चेहऱ्यावर हसू ठेवून. आता तो म्हणणार, छे, त्यात खेप कसली. मग मी म्हणणार, अहो, तुम्हाला उगीच. मग तो म्हणणार, नाही नाही, येतोच मी.

त्याने डायरी मिटली. फॉर्मवर एका चौकोनात खूण केली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मुदत देऊ केली, नको म्हणालात. दोघांची इथे सही."

"नाही, म्हणजे," मी म्हटलं. "या ना. या तुम्ही मंगळवारी."

"मॅडम, तुम्ही आत्ता नको म्हणालात."

"ते तसं म्हणायचं असतं हो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता की मजा नव्हती. मी परक्या भाषेत बोलावं आणि त्याने ऐकून घ्यावं, तसा तो बघत होता. "मी नोंद केली आहे. आता बदल हवा असेल तर लेखी कळवा. पत्ता शेवटच्या पानावर आहे." शेवटच्या पानावर डब्लिनची तीच टपालपेटी होती.

"आणि सही नाही केली तर?"

"तर सहीलाही नकार, अशी नोंद होईल."

फिन्टनने पेन घेतलं. उजवा हात वर येत नाही म्हणून डाव्या हाताने त्याने वाकडंतिकडं नाव लिहिलं. मग मी लिहिलं. मिस्टर ट्वीडीने आभार मानले, जाताना दार हलकेच लावून घेतलं.

मी खिडकीशी गेले. तो गाडीत बसला, फोनवर काहीतरी पाहत राहिला. मिनिटभर गाडी सुरूच झाली नाही. मला वाटलं, येईल परत. मग ती निघाली आणि वळणावर हळूसुद्धा न होता गेली.

मी मागे वळले आणि सगळा राग फिन्टनवर काढला. "तू काय दगड आहेस का? समोर बसून ऐकत होतास. एक शब्द बोलता आला नाही?"

"तू म्हणाली होतीस, तोंड उघडायचं नाही."

"मी मूर्खासारखी नको म्हणाले तरीही?"

तो टेबलावरचे कप एकेक करून कपाटात ठेवत होता, डाव्या हाताने, सावकाश.

"मला वाटलं, तो पुन्हा विचारेल," फिन्टन म्हणाला.