लिओनेलच्या नवसाची फेरी

माझा भाऊ लिओनेल अमेरिकेतून आला तो पांढरेशुभ्र नवे बूट घालून, आणि ज्या नवसासाठी आला तो फेडायचा होता अनवाणी. माझं डोकं तिथूनच तापलं.

सात वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला होता. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा आईने देवमातेला नवस केला, की पोरगा वाचला तर मोठेपणी स्वतःच्या पायांनी, अनवाणी, कालदेराच्या, म्हणजे बेटावरच्या जुन्या ज्वालामुखीच्या, काठावरून पूर्ण फेरी घालील. पोरगा वाचला आणि एकोणिसाव्या वर्षी बोटीत बसून निघून गेला. त्यानंतर तीनदा आला. एकदा पाऊस होता, एकदा कंबर धरली होती, एकदा बायकोला परत जायची घाई होती. आमच्या फायाल बेटावर सगळे मानतात, की नवस राहिला तर तो बोलणारा मेल्यावरही भटकत राहतो. आई ब्याऐंशीची, दोन्ही डोळे गेलेली. "त्याची फेरी झाल्याशिवाय मी मरायची नाही," म्हणायची. तिचं हगणं-मुतणं अकरा वर्षं मी काढत होते, पण जीव अडकला होता लिओनेलच्या पायांत.

सकाळी सातला, काठावर जाणारा बोगदा आहे त्याच्या तोंडाशी, त्याने बूट काढले. साक्षीला घरचं माणूस लागतं, म्हणून मी बरोबर. डावीकडे विवराचा खोल खड्डा, उजवीकडे गाईंची कुरणं आणि खाली समुद्र.

"ताई, ही वाट आहे की खिळ्यांची फळी?"

"याच वाटेने तू गुरं आणायचास."

"तेव्हा तळवे होते मला."

"आता काय आहेत, पाव?"

तासाभराने त्याने अमेरिकेतल्या घराचं कौतुक सुरू केलं. दोन गाड्या, तळघर, कपडे वाळवायचं यंत्र. "आईला तिकडेच न्यायला हवं होतं," म्हणाला.

"मग न्यायचंस! कुणी हात धरले होते तुझे?"

"तू चिडतेस उगाच."

उगाच! मी दातओठ खाऊन चालत राहिले. तोंड उघडलं असतं तर त्याला विवरात ढकलूनच बंद केलं असतं.

चारातले तीन हिस्से वाट संपली आणि रेडिओच्या खांबांच्या टेकडीवर तो मटकन बसला. तिथून खाली गाडीरस्ता जातो. शेजारचा गास्पार गाडीत दुधाचे कॅन घेऊन निघालाच होता.

"रक्त येतंय बघ."

"येऊ दे. तासाभराची वाट राहिलीय."

"ताई, तिला कुठे दिसतंय? झाली म्हणून सांगू. तिलाही सुख, आपल्यालाही."

"आपल्याला?"

त्याने बूट चढवले आणि गास्पारच्या शेजारी जाऊन बसला. मी त्याला येतील तेवढ्या शिव्या घातल्या. गास्पारलाही दोन दिल्या, त्या बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

मग मी माझे बूट काढले. अर्धवट सोडलेली फेरी पुन्हा पहिल्यापासून घालावी लागते, हे मला ठाऊक होतं. पण रक्ताच्या माणसाने उरलेली पुरी केली तर देवमाता चालवून घेईल, असं मी परस्पर ठरवून टाकलं. धुकं आलं. झुडपांचे खुंट तळव्यात घुसत होते. पावलागणिक मी लिओनेलला शिव्या देत होते, मग आईला, आणि शेवटच्या चढावर देवमातेलासुद्धा.

घरी पोचले तर तो दारात उभा, गोरामोरा. आत आई खुर्चीत ताठ बसलेली, पुढ्यात गरम पाण्याचं घमेलं. फेरी घालून आलेल्याचे पाय नवस बोललेल्या माणसाने धुवायचे असतात. अमेरिकेत राहून तो हे विसरला होता. रागाच्या भरात मीही विसरले होते.

"झाली का रे?"

"झाली, आई."

"मग ये. पाय दे."

अर्धवट फेरीचे पाय त्या पाण्यात घालायची त्याची छाती नव्हती. त्याने माझ्या रक्ताळलेल्या पायांकडे बघितलं आणि हात जोडले. थोबाडीत द्यावी असं वाटलं. पण आई बाह्या सरसावून वाट बघत होती, म्हणून मी गुपचूप बसले आणि पाय पाण्यात सोडले.

तिने टाचा चोळल्या, बोटं चोळली. अंगठ्याशी हात थांबला.

"यावर गाईने पाय दिला होता. मीच चिंधी बांधली होती." तिने अंगठा पुन्हा चाचपला. "इदालिना, तुझे पाय कुणी मागितले होते?"

"कुणीच नाही!" मी ओरडले. "जन्मात कधी कुणी मागितले नाहीत! त्याच्यासाठी नवस, त्याच्यासाठी मेणबत्त्या, तो येणार म्हणून कोंबडी. मी मेले असते तर काय बोलली असतीस देवमातेला? अकरा वर्षं मी तुला उचलतेय आणि तू त्याच्या पायांची वाट बघतेस. मला राग येतो, आई! तुझा येतो!"

लिओनेल दारातच भिंतीला चिकटून उभा होता. आईने माझे पाय सोडले नाहीत.

"तो किती चालला?"

"खांबांपर्यंत."

"विमान कधी आहे त्याचं?"

"परवा."

"मग उद्याचा दिवस आहे. पहिल्यापासून घालील, आणि तू जायचं नाहीस. साक्षीला गास्पार जाईल." तिने घमेल्यात हात फिरवला. "हे पाणी गार झालं. दुसरं आण."

"आता कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. हे त्याच्या नावाचं होतं."

मी उठायला लागले. सवयीने. मग परत बसले.

"लिओनेल," मी म्हणाले, "चुलीवरचं गरम पाणी आण. आणि बूट काढून आत ये."